नागपूरच्या महालातल्या क्यूआर पाट्या कोणी स्कॅनच करत नाही, काय चुकतंय?

बडकसचौकवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण आधीचं सांगितल्याशिवाय विचारता येणार नाही.

मी महालात, म्हणजे नागपूरच्या जुन्या वस्तीत, जन्मले, तिथेच वाढले. सासर मानेवाड्याला, नोकरी इतवारीत एका ठोक कापड दुकानात हिशेबाची. त्यामुळे महाल काही सुटला नाही, रोज तिथूनच जाणं-येणं. लहानपणी बाबा आम्हा दोघी बहिणींना रविवारी सकाळी फिरायला न्यायचे. आधी कल्याणेश्वर, मग रुक्मिणी मंदिर, मग चिटणीस पार्काच्या बाजूने गांधी द्वार. तिथे थांबवून म्हणायचे, "लाव हात दगडाला. हा जुम्मा दरवाजा. गावाला कोट होता तेव्हाचा." मग नागपूरचे जुने राजे, चांद सुलतान, रघुजी भोसले, आप्पासाहेब, सगळे एकामागून एक यायचे. घरी पोचेपर्यंत पोटात कावळे ओरडायला लागायचे आणि बाबांचं अजून १८१७ चं इंग्रजांविरुद्धचं सीताबर्डीचं युद्धच सुरू असायचं.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांनी सांगितलेलं मी कधी रेकॉर्ड केलं नाही. माझ्या फोनमध्ये त्यांचा आवाज एवढाच उरला आहे: "येताना सांबार घेऊन येजो, निवडून घेजो, मागच्या वेळी पिवळा होता." (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर.) सात सेकंद. तो ऐकता ऐकताच मला वाटलं, महालाच्या गल्ल्यांमधून फिरणाऱ्याला कानात कोणीतरी असं सांगणारं पाहिजे.

म्हणून दिवाळीनंतर मी नऊ पाट्या केल्या. प्रत्येकीवर क्यूआर कोड, स्कॅन केला की त्या जागेची माहिती आणि खाली ऐकायचं बटण. मजकूर मी लिहिला, वाचायला मशीनचा आवाज लावला. एका फुकट साइटवरून कोड काढले, ओळखीच्या प्रिंटरकडून स्टिकर छापून घेतले. गांधी द्वार, कोतवाली, गांधीसागर तलाव, मूर्तिकारांची चितार ओळ वगैरे. एकूण तीन हजारांच्या आसपास खर्च आला.

तीन महिन्यांत ४१ स्कॅन झाले. त्यातले निम्मे माझेच असतील, तपासायला केलेले. वर त्या साइटची फुकटची मुदत संपली आणि आता कोड उघडला की पैसे भरायचं पान येतं. माझ्याच शहराच्या दारावर मीच ते लावून ठेवलं, याचं फार वाईट वाटतं.

मग एका रविवारी दहा वाजता मी स्वतः द्वाराजवळ उभी राहून पाहिलं. दोन कॉलेजची मुलं आली, पाटी पाहिली, एकाने विचारलं, "ताई, पेमेंट कशाचं करायचं आहे?" भंडाऱ्याहून आलेलं एक कुटुंब थांबलं. आईने मोबाइल धरला, पण उन्हात स्क्रीन दिसेना, हाताची सावली करून पाहत होती. पान उघडायला इतका वेळ लागला की मुलगा "चल ना आई" म्हणत ओढायला लागला आणि ती गेली. एक आजोबा मात्र पाटी पूर्ण वाचून मला म्हणाले, "पोरी, मले विचार ना, मी सांगतो." आणि मी, त्यांना "हो काका, येते" म्हणून, मोबाइल घेऊन उभीच राहिले.

मशीनचा आवाजही ऐकवत नाही. "१७४३" चं "एक सात चार तीन" करतो, "चितार ओळ" असं म्हणतो की जणू परगावचा पाहुणा पत्ता विचारतोय.

हे काम सोडायचं नाहीये मला. पाट्या, आवाज, नकाशा, यातलं नक्की काय आधी दुरुस्त करू? ज्यांनी असं काही केलं आहे त्यांनी कृपा करून सांगा.


नकाशेवाला

ताई, आधी सोपं दुरुस्त करू.

क्यूआर कोड दोन प्रकारचे. एकात पत्ता थेट कोडमध्येच असतो, तो कधीच बंद पडत नाही. दुसऱ्यात कोड आधी त्या कंपनीकडे जातो आणि मग ती तुमच्याकडे पाठवते. तुमचं दुसरं झालं. वर्षाला हजाराच्या आत स्वतःच्या नावाचं एक लहान डोमेन, म्हणजे वेबपत्ता, घ्या, त्यावर प्रत्येक जागेचा छोटा पत्ता करा आणि थेट कोड बनवा. पुढे मजकूर, आवाज कितीदाही बदला, पाटी तीच राहील. पत्ता जितका छोटा तितके कोडचे चौकोन मोठे, म्हणजे जुन्या फोनलाही पटकन वाचता येतं. कोड बनवताना चूक-दुरुस्तीची पातळी सगळ्यात वरची ठेवा. त्यात सुमारे ३० टक्के भाग खरवडला किंवा मळला तरी चालतं, आपल्या धुळीत ते लागतंच. चारही बाजूंना पांढरी जागा सोडा. अंदाज असा की फोन जितका लांबून धरणार त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा कोड हवा. तीस सेंटिमीटरवरून वाचायचा तर तीन सेंटिमीटर, रस्त्यावर असेल तर दुप्पट-तिप्पट.

दुसरं महत्त्वाचं: जुन्या दगडावर काहीही चिकटवू नका. डिंक दगडात जातो आणि काढताना पापुद्रा निघतो. शिवाय मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा १९९५ चा आहे, त्यात अडकाल. समोरच्या दुकानदाराला विचारून त्याच्या दुकानात, सावलीत, डोळ्यांच्या उंचीवर लावा. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, रस्त्यावरचं साधं स्टिकर एका उन्हाळ्यात पांढरं पडतं. आणि ज्याच्या दुकानात पाटी आहे तो माणूस तिच्यावर लक्ष ठेवतो. क्यूआर म्हटलं की फसवणूक करणारे वरून आपला कोड डकवून जातात, हे विसरू नका.

"पेमेंट कशाचं" हा प्रश्न बरोबरच आहे. आपल्या बाजारात कोड म्हणजे पैसे द्यायची जागा. पाटीवर "स्कॅन करा" लिहू नका, तिथलाच एखादा प्रश्न मोठ्या अक्षरात लिहा. "या दरवाजाला आधी काय म्हणायचे?" असं वाचलं की माणूस थांबतो. कोड त्याच्या खाली.

आवाजाची फाइल एका चॅनलची, ६४ केबीपीएसने साठवा. तीन मिनिटांची फाइल दीड एमबीच्या आत बसते. पानावर चार फोटोंऐवजी एकच ठेवा, तोही लहान. त्या भंडाऱ्याच्या बाईंचा मुलगा तेवढा वेळ थांबला असता.

आणि तुमच्या साइटपलीकडे एक काम करा. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावर, या सगळ्या जागा टाका, मराठी नावाची वेगळी जागा असते ती भरा. फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या खुल्या फोटोसाठ्यात, द्या. सार्वजनिक जागेतल्या वास्तूंचा फोटो काढणं आपल्या प्रताधिकार कायद्यात कलम ५२ खाली चालतं, त्याची भीती नको. उद्या तुमची साइट बंद पडली तरी नाव, जागा, फोटो राहतील, आणि दुसरा कोणी ॲप काढेल त्याला ते फुकट मिळतील. मी रविवारी मोकळा असतो, महालातले बोळ नकाशावर भरून देतो. मात्र ज्या वाड्यात आजही लोक राहतात त्याची खूण घरच्यांना विचारल्याशिवाय टाकायची नाही. नाहीतर सकाळी त्यांच्या ओसरीवर कॅमेरे उभे राहतात.


जुनीशुक्रवारी

बेटा, मी निवृत्त शिक्षक. तंत्रातलं मला कळत नाही, ते वरच्या भाऊने छान सांगितलं. मी मजकुराबद्दल बोलतो, कारण एकदा कानात गेलेली चूक शंभर ठिकाणी जाते.

झिरो माइलचंच पाहा. हा देशाचा नेमका मध्यबिंदू, असं मार्गदर्शक छातीठोक सांगतात. तो १९०७ मधला, सर्वेक्षणासाठी उभारलेला उंचीचा संदर्भस्तंभ आहे. त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट अशी कोरलेली आहे. त्या चार घोड्यांवर, खांबावर, त्या मोजणीवर इतकं सांगण्यासारखं आहे की मध्यबिंदूच्या दंतकथेची गरज नाही. दंतकथाही ठेव, पण "लोक असं सांगतात" म्हणून ठेव. मारबतीचंही, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचंही, तेच. काळी मारबत भोसले घराण्यातल्या बाकाबाईशी जोडतात, ती इंग्रजांना मिळाली म्हणून. ही सांगोवांगीची गोष्ट आहे, आणि ती तशीच, लोकांच्या तोंडची म्हणून ऐकवायला हवी. आवाजात हा फरक करता येतो: नोंदीची गोष्ट एकाने सांगावी, लोकांची गोष्ट दुसऱ्याने.

सुरुवात गोंड राजापासून करशील अशी माझी विनंती आहे. देवगडच्या बख्त बुलंद शहाने १७०२ च्या सुमारास हे शहर वसवलं, चांद सुलतानाने कोट बांधला, जुम्मा तलाव केला, तोच आजचा गांधीसागर. १७४३ मध्ये रघुजींकडे सत्ता आली ती त्यानंतरची. पुष्कळ ठिकाणी भोसल्यांपासून सुरू करतात आणि गोंड एका वाक्यात गुंडाळतात. गांधीसागरच्या काठावर उभं राहून तलावाचं जुनं नाव माहीत नसलेले नागपूरकर मी रोज पाहतो.

एक मोह टाळ. ड्रोन. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला लोकांसाठी उघडतो, तेव्हा पायी जा आणि डोळ्यांनी बघ. वरून कॅमेरा उडवायचा विचारही करू नकोस.

आणि ते आजोबा, "मले विचार" म्हणणारे. त्यांना शोध.


बडकसचौकवाली

काका, तुमची शेवटची ओळ वाचून मी त्याच संध्याकाळी गेले. ते आजोबा भेटले नाहीत, दुकानदार म्हणाला मुलाकडे अमरावतीला गेलेत. पण आमच्या जुन्या वाड्यातल्या शेजारच्या काकू होत्या, वय ७८. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी फोन ओट्यावर उभा केला आणि विचारलं, "काकू, तुमच्या लहानपणीची मारबत सांगा ना."

अकरा मिनिटं बोलल्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून छतावर जागा धरायची, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल कुशीत घेऊन. खालून बडगे, म्हणजे मारबतीसोबतचे पुरुषी पुतळे, येताना दिसले की मुलं ओरडायची, आणि मग आवाज एकच: "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" हे म्हणताना काकूंचा आवाज एकदम चढला, त्यांनी हात असा खिडकीबाहेर झटकला जणू खरंच काही बाहेर टाकताहेत. मध्येच कुकरची शिट्टी झाली. मग "थांब गं, दूध वर येतंय", मग चमचा भांड्यावर वाजला, मग पुन्हा मारबत. त्यांच्या आईने त्यांना त्या वेळी सांगितलं होतं, रोगराई गेली पाहिजे म्हणून ओरड, लाजू नकोस.

मी त्यातलं २ मिनिटं ४० सेकंद ठेवलं. शिट्टी आणि दूध काढलं नाही. परवा चितार ओळीत एका चहाच्या टपरीवर दोघांना फोनवर ऐकवलं, कोड वगैरे काही नाही. दोघेही शेवटपर्यंत ऐकत होते. एकाचा चहा निवला. म्हणाला, "या काकू कुठं राहतात? माझी आजी पण असंच सांगायची."

मशीनचा आवाज मी काल रात्री सगळ्या नऊ पानांवरून काढून टाकला.


पेंचहूनपुण्याला

मी पुण्याची, पर्यटक म्हणून लिहिते. मार्चमध्ये नवरा, मी आणि मुलगा पेंचला गेलो होतो. विमान नागपूरला, परतीचं विमान संध्याकाळचं, मधले सहा तास आम्ही काय केलं? हॉटेलच्या खोलीत झोपलो आणि संत्रा बर्फी घेतली. ताडोबा, पेंचला जाणारे आमच्यासारखे कितीतरी लोक नागपुरातून नुसते आरपार जातात. हॉटेलवाल्यालाही विचारलं होतं, तो झिरो माइल आणि तेलंगखेडी तलाव म्हणाला, बस.

तुमचा हा धागा तेव्हा दिसला असता तर अर्धा दिवस नक्की दिला असता. म्हणून एक सांगते: गल्लीत पाटी पाहून कोणी येणार नाही, माणूस आधीच ठरवून येतो. आमचं ठरतं हॉटेलच्या खोलीत, आदल्या रात्री, फोनवर. तिथे तुम्ही दिसायला हव्यात. "सहा तास आहेत, स्टेशनपासून सुरुवात" असा एक छोटा मार्ग नकाशावर द्या, किती चालावं लागेल, कुठे सावली, कुठे स्वच्छतागृह, कुठून ऑटो मिळेल. माझ्यासोबत लहान मूल होतं, मला हेच आधी हवं असतं. मुलासाठी ते मोतीबागेतलं नॅरो गेज रेल्वेचं संग्रहालय तर नंतर कळलं, इतकी हळहळ वाटली. आणि सुरुवातीला वीस सेकंदांचा नमुना आवाज ठेवा. काकूंचाच ठेवा.


इंदोऱ्याचा

जय भीम. मी दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर स्वयंसेवक असतो. दोन गोष्टी सांगतो, त्या जागेच्या अनुभवातून.

लाखो लोक येतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली म्हणून येतात, डोळ्यांत पाणी घेऊन येतात. त्यांना या शहरात आणायला जाहिरात करावी लागत नाही. पण त्या दोन दिवसांत एकाच जागी इतके फोन असतात की नेटवर्क बसतं. कोड स्कॅन झाला तरी पान उघडत नाही. म्हणून जे काही कराल ते आधी उतरवून ठेवता आलं पाहिजे, घरूनच, गावच्या वायफायवर. दुसरं, परभणी-जालन्याकडच्या ज्या म्हाताऱ्या माय येतात त्यांच्याकडे बटनाचा फोन. त्यांच्यासाठी एक साधा नंबर, तो लावला की आवाज सुरू, एक दाबलं की मराठी, दोन दाबलं की हिंदी. हे तंत्र जुनं आहे, स्वस्त आहे आणि कोणालाही शिकवावं लागत नाही. मागे मी एका मायला स्तूपाबद्दल सांगत होतो, तो २००१ च्या डिसेंबरमध्ये खुला झाला, गोल घुमट कसा, आत काय आहे. ती म्हणाली, "बाबा, हे माझ्या नातीला फोनवर सांग, तिला लिहून घ्यायला लाव." मी सांगितलं, तिने लिहून घेतलं.

ताई, महालाच्या बाहेरही या. इंदोऱ्यात, पाचपावलीत ज्यांनी ५६ ची ती सकाळ पाहिली अशी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यांचे आवाज घ्यायचे असतील तर या महिन्यातच घ्यायला हवेत. मी ओळख करून देतो, पण आधी त्यांच्याशी बसून बोलावं लागेल, फोन नंतर काढायचा.


नकाशेवाला

इंदोऱ्याचे भाऊ, नंबरवाली कल्पना फार चांगली. खर्च किती येतो ते मी काढतो. मिनिटामागे लागतो, म्हणून आवाज दोन मिनिटांत बसवू.

ताई, एक जोडतो. ज्याच्या तोंडचं रेकॉर्ड कराल त्याची परवानगी त्याच रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला त्याच्याच आवाजात घ्या: "हे इतरांनी ऐकलं तर चालेल का?" आणि मूळ, न कापलेली फाइल दोन ठिकाणी ठेवा. अकरा मिनिटांतली जी आठेक तुम्ही काढलीत, तीच कदाचित दहा वर्षांनी कोणाला लागतील.


बडकसचौकवाली

सगळ्यांचे आभार. आता ठरवलं ते सांगते.

नऊऐवजी चारच पाट्या करते: गांधी द्वार, गांधीसागर, चितार ओळ, रुक्मिणी मंदिर. चारही दुकानदारांना विचारून झालं, तिघे हो म्हणाले, चौथ्याच्या आईला विचारायचं आहे. डोमेन घेतलं. जुनी स्टिकर मी आणि बहिणीने गरम पाण्याच्या फडक्याने हळूहळू सोडवून काढली. एका ठिकाणी कडेला थोडा डाग राहिला आहे, तो पाहून जीव तुटतो.

गांधीसागरच्या पाटीवर बख्त बुलंद शहा आणि चांद सुलतान पहिले. काका, मजकूर तुमच्याकडे पाठवते, लाल पेनाने तपासून द्या. त्याच काठावर एम्प्रेस मिल होती, १८७७ ची, आता तिथे मॉल आहे. माझे मामा तिथे साच्यावर होते. भोंगा कसा वाजायचा, हे ते अजून तोंडाने करून दाखवतात. ते पुढच्या आठवड्यात रेकॉर्ड करते. ज्या जागेवर आता बघायला काही उरलं नाही, तिथे तर आवाजच हवा.

पुण्याच्या ताई, सहा तासांचा मार्ग करते. स्वच्छतागृहांची यादी करताना कळलं की ती फारच थोडी आहेत. पण आहेत ती नकाशावर टाकते. इंदोऱ्याचे भाऊ, शनिवारी चारनंतर मी मोकळी आहे, तुम्ही म्हणाल तिथे येते. फोन पर्समध्ये ठेवीन.

जुम्मा दरवाज्याचं मी स्वतःच बोलणार आहे. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा "लाव हात दगडाला" म्हणताना आवाज कापला. चौथ्यांदा तसाच ठेवला.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला, ऊन चढायच्या आत, गांधी द्वाराजवळ आम्ही चार-पाच जण चालत हे ऐकून पाहणार आहोत. फोन चार्ज करून आणा, आणि घरात कोणी जुनं माणूस असेल तर त्यांनाही आणा. शेजारच्या काकू येणार आहेत. त्यांना उभं राहवत नाही, म्हणून समोरच्या घड्याळवाल्यांनी खुर्ची काढून ठेवतो म्हटलं आहे.